नाणे आणि वाणी

पंचतंत्रातील सिंह बोलतो, कोल्हा बोलतो, कासवही बोलते. इतकेच काय, बोलण्याचा मोह न आवरल्यामुळे ते कासव आकाशातून खाली पडून प्राणास मुकते. इसापाच्या गोष्टींतील प्राणीही माणसांप्रमाणेच वाद घालतात, उपदेश करतात आणि थापाही मारतात. या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ‘हा कोल्हा बोलायला केव्हा शिकला? त्याला कोणी शिकवले?’ असा प्रश्न आपल्या मनात कधी येत नाही. गोष्टीतल्या प्राण्याला वाणी जन्मतःच मिळालेली असते, असे आपण गृहीत धरतो. जे फुकट मिळाले त्याची किंमत कोण विचारणार?

अशा असंख्य बोलक्या प्राण्यांत एक मांजर मात्र निराळे आहे. ते बोलते, पण त्याच्या बोलण्यामागे कष्टांचा इतिहास आहे आणि त्या बोलण्यासाठी त्याने किंमतही मोजलेली आहे. ते कोणा शूर नायकाचे लाडके मांजर नव्हे. ते चोरांच्या टोळीतले आहे. तरीदेखील भाषा शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने त्याची ओळख करून घ्यावी, असे माझे मत आहे. ते का, हे या पाठात सांगावयाचे आहे.

मुलांनो, ‘पोकेमॉन’ हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. जपानमध्ये १९९६ साली या नावाचा एक खेळ निघाला. सातोशी ताजिरी हे त्याचे जनक. लहानपणी त्यांना रानावनात किडे पकडण्याचा फार नाद होता. चित्रविचित्र प्राणी शोधावेत, पकडावेत आणि जमवावेत ही या खेळाची कल्पना त्यांना त्या नादातूनच सुचली. पुढे १ एप्रिल १९९७ रोजी या खेळावर आधारलेली चित्रमालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. ॲश नावाचा दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा पिवळा सोबती पिकाचू हे या मालिकेचे नायक. देशोदेशींच्या मुलांनी ही मालिका पाहिली. आपल्याकडील मुलांनी ती हिंदीतून पाहिली. २०२३ च्या मार्च महिन्यात ॲशची कथा संपली, तोपर्यंत तिचे बाराशेहून अधिक भाग झाले होते.

या दीर्घ प्रवासात ॲशच्या पाठीवर सतत एक त्रिकूट असे. जेसी व जेम्स ही दोन माणसे, आणि म्याउथ हे मांजर. ‘टीम रॉकेट’ नावाच्या टोळीतील ही तिघे पिकाचूला पळवण्याचे नाना बेत रचत, आणि बहुतेक वेळा शेवटी त्यांचीच फजिती होऊन ती आकाशात भिरकावली जात. मुले पिकाचूवर प्रेम करतात आणि म्याउथला हसतात. प्रेम पिकाचूला मिळावे याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु विचार करण्याजोगे काही शिकायचे असेल, तर ते या हास्यास्पद मांजराकडूनच शिकावे लागेल, असे मला वाटते.

प्रथम म्याउथ ही जात कशी आहे ते पाहू. पोकेमॉनांच्या यादीत तिचा क्रमांक ५२ वा. उंची अवघी ४० सेंटीमीटर आणि वजन सुमारे ४ किलो. अंगावर फिकट पिवळसर लव, टोकाशी वळलेली शेपटी, आणि कपाळावर एक सोनेरी लंबगोल नाणे. या नाण्याकडे जरा लक्ष देऊन पाहा. जपानमध्ये सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जी सोन्याची लांबट नाणी चालत, त्यांना ‘कोबान’ म्हणत. म्याउथच्या कपाळावर आहे ते हेच कोबान. दुकानाच्या दारात पंजा वर करून बसलेली जपानी मांजराची मूर्ती तुम्ही चित्रात पाहिली असेल. ग्राहकाला आणि धनाला बोलावणाऱ्या त्या मांजराजवळही पुष्कळदा असेच नाणे असते.

जपानी भाषेत या नाण्यावरून एक म्हणही आहे: ‘मांजराला सोन्याचे नाणे’. ज्याला एखाद्या वस्तूचे मोल कळत नाही, त्याला ती देऊन काय उपयोग, असा तिचा भाव. ‘गाढवाला गुळाची चव काय?’ असे आपण म्हणतो, तेच जपानी लोक मांजर आणि नाणे यांच्या साहाय्याने सांगतात. खेळ रचणाऱ्यांनी मोठ्या गमतीने म्याउथ जातीला जी खास विद्या दिली, तिचे जपानी नावच या म्हणीवरून ठेवले आहे. ती विद्या वापरली की नाण्यांचा सडा पडतो. म्याउथ जातीला चकाकणाऱ्या वस्तूंचे अतोनात वेड; रस्त्यावर पडलेली नाणी शोधत ही मांजरे रात्री हिंडतात, असे त्या खेळात म्हटले आहे. थोडक्यात, नाणे हे म्याउथ जातीचे भूषण, तेच तिचे वेड आणि तेच तिचे शस्त्र.

आता आपल्या म्याउथकडे वळू. पोकेमॉनांच्या जगात प्राणी माणसांची भाषा बोलत नाहीत. पिकाचू केवळ आपल्या नावातील अक्षरे निरनिराळ्या स्वरांत उच्चारतो, आणि त्यातून त्याचा राग, लोभ व आनंद आपण ओळखावयाचा असतो. काही थोडे अद्भुत प्राणी माणसांशी संवाद करतात खरे. पण ते तोंडाने बोलत नाहीत, मनोबलाने आपले विचार समोरच्याच्या मनात पोचवतात. म्यूटू नावाचा बलाढ्य पोकेमॉन हा असा आहे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत त्याला निर्माण केले, आणि ही शक्ती त्याला आयतीच लाभली. म्याउथला मात्र काहीच आयते मिळाले नव्हते. तो बोलतो, कारण तो बोलायला शिकला.

ही शिकण्याची कथा मालिकेच्या १९९८ सालच्या एका भागात आली आहे. त्या भागाच्या जपानी शीर्षकाचा अर्थ ‘म्याउथची मुळाक्षरे’ असा होतो. लहानपणी म्याउथ अनाथ होता. अन्नासाठी तो दारोदार फिरे आणि बहुधा मारच खाई. अशात उघड्यावर चाललेला एक चित्रपट त्याच्या दृष्टीस पडला. पडद्यावरचे सुखी जग पाहून त्या भुकेल्या पिलाला वाटले की, जेथे हे चित्रपट तयार होतात त्या हॉलिवूडला पोचलो की आपले दुःख संपेल. तो तेथे पोचला. पण नगर बदलले म्हणून नशीब बदलत नाही. तेथेही तो भटक्या मांजरांच्या टोळक्यात सामील झाला आणि चोरून पोट भरू लागला.

एके दिवशी त्याने म्याउझी नावाची एक मांजरी पाहिली. ती एका श्रीमंत बाईची लाडकी. म्याउथ तिच्यावर लुब्ध झाला आणि त्याने तसे तिला सांगितले. परंतु रस्त्यावरच्या मांजराजवळ तिला देण्यासारखे काय होते? माणसे आपल्याला हवे ते देतात, आणि तू तर माणूस नाहीस, अशा अर्थाचे बोलून तिने त्याला झिडकारले. दुसरे कोणी असते तर खाली मान घालून निघून गेले असते. म्याउथने मात्र मनाशी निश्चय केला की, आपण माणसासारखे व्हायचे.

येथून पुढे त्याची खरी तपश्चर्या सुरू होते. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याने दोन पायांवर उभे राहावयाचे म्हणजे पाठीचा कणा, कंबर आणि मागचे पाय यांना निसर्गाने न शिकवलेले काम शिकवावयाचे. तो उभा राही, पडे आणि पुन्हा उभा राही. चालणे साधते न साधते, तोच त्याने बोलण्याचा अभ्यास आरंभिला. जी जीभ केवळ ‘म्याव’ म्हणण्यासाठी घडलेली, तिला माणसांचे स्वर आणि व्यंजने वळवावयाची होती. मुलांच्या एका सचित्र पुस्तकावरून तो शब्द वाचू लागला. त्याला गुरू नव्हता, शाळा नव्हती, आणि ‘शाबास’ म्हणणारेही कोणी नव्हते.

या पुस्तकातून त्याने जो पहिला शब्द वाचला, तो होता ‘रॉकेट’. या शब्दाची ओढ त्याच्या मनात राहिली, आणि पुढे तीच त्याला टीम रॉकेटकडे घेऊन गेली. ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते. आपण शब्द शिकतो तेव्हा शब्दांना आपण धरले आहे असे आपल्याला वाटते. परंतु शब्दही आपल्याला धरतात आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या वाटेने नेतात. त्या अनाथ पिलाच्या हाती पहिल्यांदा कोणते पुस्तक पडले आणि शेजारी बसून अर्थ सांगणारे कोणी होते की नाही, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून राहिले. तुमच्या पहिल्या पुस्तकाशेजारी आई, आजोबा किंवा गुरुजी असतील, तर ते केवढे भाग्य आहे हे यावरून ध्यानात यावे.

अखेर म्याउथ माणसासारखा चालू व बोलू लागला. मोठ्या आशेने तो म्याउझीपुढे उभा राहिला. आणि काय घडले? तिने त्याला विचित्र ठरवले. पूर्वी तो साधे मांजर होता; आता तो धड मांजरही नाही आणि माणूसही नाही, असे तिचे म्हणणे. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते त्याला मिळालेच नाही.

त्याचे नुकसान एवढ्यावरच थांबले नाही. म्याउथची सारी शक्ती बोलणे आणि चालणे शिकण्यातच खर्ची पडली. त्यामुळे त्याच्या जातीला सहज साधणारी नाण्यांचा सडा पाडण्याची ती विद्या त्याला कधीच साधली नाही, असे मालिकेत सांगितले आहे. म्हणजे त्याने एका परीने सौदाच केला. जातीने देऊ केलेले सोने त्याने सोडले आणि त्याच्या बदल्यात शब्द घेतला.

येथे एखादा व्यवहारी मनुष्य म्हणेल, ‘हा तर तोट्याचा सौदा झाला! नाणी गेली, म्याउझीही मिळाली नाही. मग या शिकण्याचा उपयोग काय?’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु यात इच्छा आणि विद्या या दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. म्याउथची इच्छा विफल झाली हे खरे; त्याची विद्या मात्र विफल झाली नाही. इच्छा पूर्ण करणे दुसऱ्याच्या हाती होते, म्हणून ती मोडली. विद्या त्याने स्वतः कमावली होती, म्हणून ती त्याच्यापाशी राहिली. परीक्षेत पहिला क्रमांक यावा म्हणून एखाद्या मुलीने वर्षभर व्याकरणाचा अभ्यास केला आणि क्रमांक दुसऱ्याच कोणाचा आला, तर तिचे व्याकरण कोणी परत मागून नेत नाही. ज्या हेतूने आपण शिकू लागतो तो हेतू पुष्कळदा मागे पडतो. शिकलेले मात्र सोबत येते.

आणखी एक आक्षेप याहून खोल आहे. ‘दुसऱ्याला आवडावे म्हणून स्वतःला बदलणे हेच मुळी चुकीचे नाही काय?’ असे कोणी विचारील. या म्हणण्यात तथ्य आहे. म्याउझीने आपल्याला पसंत करावे म्हणून म्याउथ माणूस होऊ पाहत होता. आणि दुसऱ्याच्या पसंतीवर ज्याने आपली किंमत ठरवली, त्याच्या वाट्याला दुःख येणारच. पण तो खरोखरच माणूस झाला काय? मालिका जपानी भाषेत ऐकली की याचे उत्तर मिळते. जपानी माणसाच्या कानाला मांजराचे ओरडणे ‘न्या’ असे ऐकू येते. १९९७ पासून इनुको इनुयामा या अभिनेत्रीने म्याउथला जो आवाज दिला, त्यात बोलता बोलता वाक्यांच्या शेवटी हा ‘न्या’ पुन्हा पुन्हा डोकावतो. शब्द माणसांचे, पण शेवटचा सूर मांजराचा. त्याने नवी भाषा कमावली, पण आपल्या मायबोलीचा सूर काही टाकला नाही.

याचे मोठेपण आपल्याला सहज कळावे. महाराष्ट्रातील शाळांत कितीतरी मुले अशी येतात की ज्यांच्या घरी अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलली जाते. पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांना नव्याने शिकावी लागते. ती बोलताना घरच्या बोलीचा हेल मध्येच डोकावतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसते. मला सांगा, यात हसण्यासारखे काय आहे? ज्याच्या बोलण्यात दोन भाषांचे सूर ऐकू येतात, त्याला दोन भाषा येतात, एवढाच त्याचा अर्थ! हसणाऱ्याला बहुधा एकच येत असते. नवी भाषा अवश्य शिकावी, ती शुद्ध बोलता यावी म्हणून मेहनतही करावी. परंतु जुनी भाषा लाज वाटून टाकून देऊ नये.

आता सर्वांत कठीण आक्षेप पाहू. ‘म्याउथ चोर आहे, लबाड आहे. त्याचे गुणगान कशाला?’ हा आक्षेप मला टाळावयाचा नाही, कारण तो खराच आहे. मालिकेच्या २०११ सालच्या काही भागांत म्याउथने आपल्याला टोळीने हाकलून दिले असल्याची बतावणी केली. ॲश व त्याच्या सोबत्यांनी दया येऊन त्याला बरोबर घेतले. तो त्यांच्यात राहिला, हसला, खेळला. आणि त्यांचा विश्वास बसताच त्यांचे पोकेमॉन पळवण्याच्या कटात सामील झाला. हे विश्वासघाताचे कृत्य त्याने पंजांनी केले नाही, दातांनीही केले नाही. केले ते वाणीने. त्याला बोलता येत नसते, तर ही फसवणूक तो करूच शकला नसता.

मग वाणी वाईट म्हणावी काय? सुरीने भाजी चिरता येते आणि हातही कापता येतो. म्हणून घरात सुरीच ठेवायची नाही, असे कोणी ठरवीत नाही. भाषा ही याहूनही धारदार गोष्ट आहे. ज्याला ती येते त्याच्या हाती एक सामर्थ्य येते, आणि सामर्थ्याबरोबर जबाबदारीही येते. शाळा शब्दांचे अर्थ शिकवू शकते, वाक्यरचना शिकवू शकते. परंतु त्या शब्दांनी कोणाला सावरावे आणि कोणाला फसवू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. म्याउथची कथा वाचनीय आहे ती यासाठीच. तो आदर्श नाही. एकाच तोंडातून उपकारक आणि अपकारक अशी दोन्ही प्रकारची भाषा कशी निघते, हे तो आपल्याला दाखवतो.

त्याच्या उपकारक बाजूचे सर्वांत सुंदर उदाहरण १९९८ च्या जुलै महिन्यात जपानमध्ये झळकलेल्या पहिल्या पोकेमॉन चित्रपटात आहे. ताकेशी शुदो या लेखकाने तो लिहिला. वर ज्याचा उल्लेख आला तो म्यूटू या चित्रपटात माणसांवर सूड उगवू पाहतो. ‘म्यू’ नावाच्या एका दुर्मीळ पोकेमॉनच्या अंशापासून माणसांनी त्याला घडवले, आणि ‘मी कोण? मी खरा की केवळ नक्कल?’ हा प्रश्न त्याला जाळत असतो. तो इतर पोकेमॉनांच्याही हुबेहूब प्रतिकृती तयार करतो, आणि मग मूळ प्राणी व त्यांच्या प्रतिकृती यांची भयंकर झुंज जुंपते. माणसे हतबुद्ध होऊन पाहत राहतात. प्राणी काय म्हणत आहेत हे त्यांना कळत नाही. अशा वेळी म्यूचे बोलणे माणसांना उलगडून सांगतो तो म्याउथच. मुले ज्याला एरवी हसतात, तोच त्या क्षणी दोन जगांमधला एकमेव पूल असतो.

पण मला त्याहूनही पुढचा प्रसंग मोलाचा वाटतो. प्रत्येक प्राणी आपल्या प्रतिकृतीवर तुटून पडलेला असतो. म्याउथसमोरही त्याच्यासारखेच दुसरे मांजर उभे राहते. दोघांनाही नख्या आहेत, दोघांच्याही कपाळावर नाणे आहे. परंतु ते लढत नाहीत. ते शेजारी शेजारी असतात, आणि म्याउथ त्या रात्रीच्या चंद्राविषयी बोलू लागतो. सभोवती रणधुमाळी चालू असताना दोन मांजरे चंद्राचा विचार करतात! सगळ्या रणांगणावर ज्याने भाषा कष्टाने कमावली होती, त्याला लढण्याऐवजी बोलण्याचा मार्ग सुचावा, हा मला योगायोग वाटत नाही. शब्दाची किंमत ज्याने मोजली आहे, तो हात उगारण्यापूर्वी शब्द वापरून पाहतो.

दोन जगांच्या मध्ये उभा राहणारा हा दुभाषा कल्पित असला, तरी त्याचे काम कल्पित नाही. परगावाहून आलेल्या आजीला दवाखान्यात डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगणारी नात, परभाषिक शेजाऱ्याचा अर्ज लिहून देणारा मुलगा, वर्गात नव्याने आलेल्या आणि बावरलेल्या मुलाला त्याच्या बोलीत दोन शब्द बोलून धीर देणारी मैत्रीण, ही सारी हेच काम करीत असतात. या कामाला पदक मिळत नाही. दुभाषा स्वतःचे काही सांगत नाही. दुसऱ्याचे म्हणणे तिसऱ्यापर्यंत प्रामाणिकपणे पोचवतो. त्यात एका शब्दाची लबाडी झाली तर सारा विश्वास ढासळतो. म्हणूनच या कामाला जिभेइतकीच सचोटीही लागते. म्याउथला जीभ साधली. सचोटी साधण्याचे त्याचे अजून बाकी होते. आपण दोन्ही साधावीत.

नाही म्हणावयास आणखी एक गोष्ट सत्याची बूज राखून सांगितली पाहिजे. खरी मांजरे माणसासारखे बोलू शकणार नाहीत. तरीही म्याउथच्या कथेत सत्याचा एक अंश आहे. मांजरांच्या वर्तनाचे निरीक्षण करणाऱ्यांच्या ध्यानात आले आहे की, वाढलेली मांजरे एकमेकांशी फारसे ‘म्याव’ करीत नाहीत. गंध, शेपटीचे हावभाव आणि अंगाला अंग घासणे यांवर त्यांचे काम चालते. ‘म्याव’ हा आवाज ती मुख्यतः माणसासाठी राखून ठेवतात. म्हणजे तुमच्या ओसरीवरचे मांजर दुधासाठी ओरडते, तेव्हा तेही आपल्या परीने परक्याची भाषा बोलू पाहत असते. यापुढे त्याला हुसकावण्यापूर्वी त्याच्या या खटपटीकडे थोडे आदराने पाहा.

आणि त्या म्याउझीचे पुढे काय झाले? पुष्कळ वर्षांनी म्याउथ पुन्हा हॉलिवूडला जातो, तेव्हा त्याला ती रस्त्यावर दिसते. तिच्या मालकिणीची संपत्ती गेली आणि तिने मांजरीला टाकून दिले. ज्या श्रीमंतीच्या भरवशावर म्याउझीने त्याला झिडकारले होते, ती अशी उडून गेली. म्याउथ तिच्यासाठी पूर्वीच्या टोळक्याच्या नायकाशी झुंजतो आणि जिंकतो. तरीही ती त्याच्याबरोबर येत नाही. आपल्याला कोणी नव्हते तेव्हा या टोळक्याने आसरा दिला, असे सांगून ती तेथेच राहते. म्याउथ रिकाम्या हातांनी परततो. परंतु एकटा परतत नाही. जेसी आणि जेम्स त्याची वाट पाहत असतात. ज्यांच्याशी तो रोज बोलतो, भांडतो आणि रोज ज्यांच्यासह आकाशात भिरकावला जातो, असे दोन सोबती त्याला याच वाणीने मिळवून दिले होते.

मालकिणीचे धन गेले आणि म्याउझीचे सुख गेले. म्याउथचे शब्द मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही. सोन्याचे मोल मांजराला कळत नाही, असे ती जपानी म्हण सांगते. या मांजराने कपाळावर नाणे वागवीत असतानाही त्याहून मोलाची वस्तू ओळखली आणि ती मिळवण्यासाठी आयुष्य वेचले. मुलांनो, ज्या शाळेत तुम्ही रोज विनासायास जाता, ती त्याला मिळाली नव्हती; जे पुस्तक आता तुमच्या हाती आहे, तसे एकच पुस्तक त्याला सापडले होते. त्या एका पुस्तकावर तो बोलायला शिकला. तुमच्यापाशी तर पुस्तके आहेत, शिक्षक आहेत आणि बोलायला मित्रही आहेत. तेव्हा शब्द कष्टाने कमवा, जपून वापरा, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे म्हणणे इतरांपर्यंत पोचवण्यासाठी ते खर्च करा. नाणे खर्चले की संपते. वाणी अशी खर्चल्याने वाढतच जाते.